खटक्यामागचा लाल ठिपका

डिस्टलला डुकरानं मारलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या राइटनबाखमध्ये अजून दोन-चार जण बियरच्या मगात तोंड घालून तसंच बोलतात, आणि कानावर आलं की माझं डोकं फिरतं. तीस वर्षं मी हाक्यावर जखमी झालेली कुत्री शिवतोय. सुळ्यानं फाडलेलं कातडं मला डोळे बांधून नुसत्या बोटांनी कळतं. सुळा चिरतो, भोक पाडत नाही. डिस्टलच्या बरगडीत एका बाजूनं करंगळीएवढं भोक होतं आणि दुसऱ्या बाजूनं माझी मूठ गेली असती. असा सुळा असलेलं डुक्कर देवानं अजून बनवलेलं नाही.

मी लाकूडतोड्या माणूस. शाळा आठवीत सोडली, तेव्हापासून हातात करवत. आमच्या पांक्राझ मालकाची लाकडाची गिरणी आहे आणि गावामागच्या जंगलाचा शिकारीचा मक्ताही त्याच्याच नावावर. दर नोव्हेंबरात तो मोठा हाका करतो. मचाणांवर पंचवीस-तीस बंदुका, आत दाट झाडीत डुकरं उठवायला आम्ही हाकारे आणि कुत्री. कुत्र्यांचा म्होरक्या मी, आणि माझी म्होरकी डिस्टल. डिस्टल म्हणजे काटेरी झाड. तपकिरी रंग, लांब कान, अठरा किलो वजन आणि अठ्ठावीस किलोचा आवाज.

ती मला दिली हीअसनं. हीअस माझा पहिलीपासूनचा मित्र. सहा वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या एका बोहेमियन वनरक्षकाकडून आणली होती, जाकिटाच्या आत घालून, बटणं लावून. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वीटुस, पोटात दुखतंय रे." मी म्हटलं, "काय खाल्लंस?" तर बटणांच्या मधून एक ओलं नाक बाहेर आलं. असा माणूस. म्हणून तर मला आजही ते सगळं आठवलं की दात खावेसे वाटतात.

दोन वर्षांपूर्वी हीअस गोठ्याच्या छपरावरून पडला. उजव्या खांद्यात पट्ट्या नि स्क्रू. हात खांद्याच्या वर जात नाही. त्याची बंदूक बापाची, जुनी. गोळी मारली की बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची, आणि मग मागचा सेफ्टीचा पंख अंगठ्यानं उजवीकडे पाडला की बंदूक मुकी. चाळीस वर्षं हेच केलं त्यानं. झोपेतसुद्धा अंगठा उजवीकडे पडायचा, त्याची बायको सांगायची. आता मूठ वर उचलताना खांदा ओरडायला लागला. तेव्हा साठाव्या वाढदिवसाला पोरींनी मिळून त्याला नवीन रायफल घेऊन दिली. सरळ ओढायची.

मला ती पाहूनच राग आला. का ते विचारू नका. नवीन म्हणून.

त्या दिवशी सकाळी गिरणीच्या अंगणात सगळे जमलो होतो. जमिनीवर दहिवर कडक झालेलं, तोंडातून वाफा. रेगेन्सबुर्गचा दातांचा डॉक्टर टिल्मान आला होता, मालकाचा पाहुणा. त्याच्याकडेही तसलीच रायफल, फक्त हीअसच्यापेक्षा जास्त नटवलेली. दस्त्याला चामडं काय, अंगठा घालायला भोक काय.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ही बंदूक आहे की कॉफीचं मशीन?"

पोरं हसली. तो चिडला नाही. म्हणाला, "दूध घालू की साखर? या, हातात घेऊन बघा."

घेतली. आता खरं बोलायचं तर चीज चांगली होती. मूठ वर उचलायचीच नाही. सरळ मागे, सरळ पुढे, कडक् कडक्, आणि गाल दस्त्यावरून हलतसुद्धा नाही, म्हणजे पळतं डुक्कर दुर्बिणीतून सुटत नाही. बोल्टच्या तोंडाशी पोलादाची बारीक बोटं, गोल मांडलेली. पुढे गेली की फुलासारखी उमलतात आणि नळीत चहूबाजूंनी रुततात. खाली चाप आणि काडतुसांचा डबा एकाच तुकड्यात, दोन्हीकडून चिमटीत दाबला की हातात येतो. नळी तर एका किल्लीनं सुटते. आज डुकराची नळी लावा, उद्या हरणाची.

"आणि हे मुख्य," डॉक्टर म्हणाला. त्यानं मागच्या बाजूला अंगठ्याखालचा खटका दाखवला. "ही भरलेली असली तरी झोपलेली असते. आतली स्प्रिंग ताणलेलीच नसते. आपटा, पाडा, उडणार नाही. मारायचं तेव्हाच अंगठ्यानं खटका पुढे रेटायचा. जोर लागतो. मग मागे हा लाल ठिपका दिसतो. लाल दिसला की जागी झाली. तुमच्या जुन्या पंखाच्या बंदुकीत स्प्रिंग सारखी ताणलेली असते, आणि एका इवल्या पत्र्याच्या भरवशावर तुम्ही ओढे ओलांडता."

तेवढ्यात हीअस पुढे आला. स्वतःची नवी रायफल खांद्याला, हातात टोपी. हळूच म्हणाला, "डॉक्टर, मग तो मागे कसा घ्यायचा? म्हणजे गोळी मारून झाल्यावर परत..."

आणि मी, हा मी, हे थोबाड, मध्येच बोललो. "अरे हीअस, साठीत बालवाडीत बसतोस का? चाळीस वर्षं डुकरं मारतोयस, आता दातांच्या डॉक्टरकडून शिकणार? उद्या विचारशील, चमचा कुठल्या टोकानं धरायचा!"

अंगणभर हशा. हीअसचे कान लाल झाले. म्हणाला, "तसं नाही, गंमत केली," आणि टोपी घातली. डॉक्टर काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, तर मालकानं शिंग फुंकलं. झालं.

पांक्राझ मालकानं नियम वाचले. दर वर्षी वाचतो, दर वर्षी आम्ही जांभया देतो. शेवटचं शिंग वाजेपर्यंत कोणी मचाण सोडायचं नाही. कुत्र्यांनी डुक्कर अडवून धरलं असेल तर तिथं फक्त कुत्र्यांचा म्होरक्या जाईल, दुसरा कोणी नाही. हाका संपला की बंदूक रिकामी, बोल्ट उघडा, सगळ्यांना दिसेल असा. नेमबाजीचे दाखले त्यानं तपासले. हीअसचा दाखला उन्हाळ्यातला, जुन्या बंदुकीवरचा. मालक म्हणाला, "चालतंय रे, हीअसला कोण ओळखत नाही?" हेही लिहून ठेवा कुठंतरी.

साडेदहाला आत शिरलो. अकराच्या सुमाराला वरच्या स्प्रूस झाडांच्या दाटीतून डुकरं उठली. चौदा नंबरच्या मचाणावरून एक गोळी. ते हीअसचं मचाण. मग डिस्टलचा आवाज. पळतीवर ती किंचाळते, पण डुक्कर अडवून उभं केलं की भुंकणं ठाशीव होतं, घणानं खुंटा ठोकल्यासारखं. मला कळलं, हीअसनं घायाळ केलंय आणि हिनं काटेरी जाळीत धरलंय. मी ओरडलो, "आलो गं बाई, धर!" आणि भाला घेऊन खाली धावलो. पाच मिनिटांची वाट, उतार, गोठलेला पाला.

भुंकणं चालूच होतं. मग आणखी एक गोळी. आणि भुंकणं बंद.

कमी नाही झालं, दूर नाही गेलं. बंद.

पोहोचलो तेव्हा डुक्कर जाळीत मरून पडलं होतं, हीअसची पहिली गोळी फुफ्फुसात. आणि तीन पावलांवर डिस्टल. डोळे उघडे होते. शेपटीचं टोक एकदा हललं, मला बघून की कशानं, देव जाणे. मग नाही.

मी तिथं काय केलं ते सांगत नाही. वर बघितलं तर हीअस मचाणावर. चेहरा चुन्यासारखा.

"हीअस! कोणी मारली?"

"वीटुस... मी डुकराला एक मारली. एकच."

"आणि दुसरी?"

 त्यानं नुसती हनुवटी हलवली, पलीकडे, पंधरा नंबरकडे. पंधरा नंबरवर डॉक्टर होता.

शिंग वाजलं. हीअस खाली उतरला, स्वतःचं जाकीट काढलं, तिला त्यात गुंडाळलं. बटणं लावली. त्या थंडीत नुसत्या स्वेटरवर, रायफल पाठीवर टाकून, लुळ्या खांद्यानं तिला गाडीपर्यंत त्यानंच नेलं. मला हात लावू दिला नाही. मला वाटलं, बघा, याला म्हणतात मित्र.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट. पैसे नकोत, दुसरं कुत्रं नको, पोलीस नकोत. ज्यानं तिला मारलं त्यानं रांगेसमोर उभं राहून, टोपी काढून, स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी मारली. एवढं झाल्याशिवाय मी तिला मातीत घालणार नव्हतो.

अडीच वाजता अंगणात रांग लागली. आमच्याकडे शिकार नीट मांडतात. फर झाडाच्या फांद्यांचं अंथरूण, त्यावर डुकरं एका रेषेत, उजव्या कुशीवर, प्रत्येकाच्या तोंडात हिरव्या डहाळीचा शेवटचा घास. अकरा डुकरं, तीन हरणं. रांगेच्या डोक्याशी मी डिस्टलला ठेवलं, हीअसच्या जाकिटात. एका बाजूला बंदुका, दुसऱ्या बाजूला हाकारे, आणि शेगडीवर वाटाण्याचं सूप उकळत होतं, ज्याला त्या दिवशी कोणी हात लावला नाही.

मालकानं मला कोपऱ्यात घेतलं. "हे बघ वीटुस, डुकराचा सुळा लागला. असं मी वाचणार आहे."

"मालक, तुम्ही भोक पाहिलंत?"

"पाहिलं. म्हणून तर सांगतोय. गोळी म्हटलं की कचेरीचा माणूस येईल, विमावाला येईल, मचाणं मोजतील, दाखले मागतील. पुढच्या वर्षी हाका बंद. आणि डॉक्टर माझा पाहुणा आहे. कुत्रं गेलं, वाईट झालं. मी तुला त्याच जातीचं पिल्लू आणून देतो."

"तुमची बायको मेली की मी तुम्हाला त्याच जातीची आणून देऊ?"

"तोंड सांभाळ."

"तुम्ही सांभाळा. तुमचं जास्त घाण आहे."

त्यानं मान फिरवली, रांगेसमोर गेला, कागद उघडला. डुकरं वाचली, हरणं वाचली. मग घसा खाकरून म्हणाला, "आणि वीटुसची इमानी कुत्री डिस्टल, जिला अडवलेल्या डुकराच्या सुळ्यानं..."

"खोटं!" मी ओरडलो.

आणि रांग ओलांडली. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. आमच्याकडे मेलेल्या जनावरांची रांग कोणी ओलांडत नाही, पोरंसुद्धा नाही. वळसा घालून जातात. शिंगवाल्याच्या तोंडातून शिंग निसटलं. मी दोन डुकरांवरून सरळ लांब पाय टाकून डॉक्टरपुढं जाऊन उभा राहिलो.

"बोला. दोन गोळ्या झाल्या. हीअसची एक. दुसरी कोणाची? सरळ ओढायची बंदूक ना तुमची? कडक् कडक्! विचार करायलासुद्धा वेळ लागत नाही ना तिला!"

डॉक्टर पांढरा पडला. भीतीनं नाही, संतापानं. म्हणाला, "मी आज एकही गोळी मारलेली नाही. माझ्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर शून्य लिहिलंय."

"चिठ्ठीवर माझी आजी लिहायची, मी कुमारिका म्हणून!"

कोणी हसलं नाही. डॉक्टरनं खांद्यावरून रायफल उतरवली. बोल्ट उघडाच होता. खिशातून किल्ली काढली, चार फिरक्या दिल्या आणि नळी दस्त्यातून उचलून माझ्या हातात ठेवली. "बघा आतून. आभाळाकडे धरा."

धरली. आतून काचेसारखी. पातळ तेलाची साय, वळणावळणानं चमकत होती. एक गोळी जरी गेली असती तर ती साय राहिली नसती. हे मला आठवी नापास असूनही कळतं. मी बोट घातलं, बोटाला तेल लागलं. काळं काही नाही.

"आणि आणखी एक," डॉक्टर म्हणाला. "तुमची कुत्री माझ्या समोरून गेली सकाळी. डुक्कर तिच्या पुढं होतं. मी खटका पुढे रेटला होता. कुत्री जवळ दिसली म्हणून परत मागे घेतला. मारलंच नाही. बघा, खटका मागे आहे. लाल नाही. सकाळी तुम्हालाच दाखवलं होतं."

मी खटका बघितला. मागे होता. काळा.

आणि मग, का कोण जाणे, नजर बाजूला गेली. हीअस चार माणसं सोडून उभा होता. स्वेटरवर, रायफल पाठीवर, नळी आभाळाकडे. सगळ्यांचे बोल्ट उघडे होते. त्याचा बंद होता. आणि मुठीच्या मागं, दहिवर पडलेल्या त्या काळ्या लोखंडावर, मसुराच्या डाळीएवढा लाल ठिपका.

तीन तास. तीन तासांहून जास्तच ती रायफल जागी होती. गाडीत चार माणसं, मांडीवर डिस्टल, खड्डे. इथं अंगणात हाकाऱ्यांची पोरं त्याच्या पाठीमागून सूप मागायला येत होती.

या वेळी मी रांगेला वळसा घालून गेलो. हळू. "हीअस," म्हटलं, "हलू नकोस. हात खाली. चापाकडे नेऊ नकोस."

"काय झालं?"

"हलू नकोस म्हटलं ना गाढवा!"

डॉक्टरनं पाहिलं आणि तोही आला. त्यानं पट्टा हीअसच्या खांद्यावरून असा उतरवला, जणू झोपलेलं मूल काढतोय. नळी जमिनीकडे. अंगठा खटक्यावर, आधी पुढे दाबला, मग खाली चेपला, मग अंगठ्याबरोबर सावकाश मागे येऊ दिला. लाल गेलं. मूठ सरळ मागे ओढली. जिवंत काडतूस उडून रांगेतल्या डुकराच्या पोटावर पडलं आणि तिथंच लोळत राहिलं.



"नुसता मागे ओढला तर येत नाही तो," डॉक्टर म्हणाला. कोणाला उद्देशून नाही, स्वतःशीच. "हलल्यासारखं वाटतं फक्त. आणि गोळी मारून पुन्हा भरली की ती जागीच राहते."

मी हीअसचा अंगठा बघत होतो. मांडीजवळ लोंबत होता, आणि त्या क्षणालाही तो आपोआप उजवीकडे पडत होता. नसलेला पंख पाडत होता.

मालक घाईनं पुढं आला. "बरं बरं, काही झालं नाही ना? सुदैव! शिंग वाजवा रे..."

"गप बसा!" हे मी नाही म्हटलं. हीअस म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मालकाला.

टोपी काढली त्यानं. रांगेसमोर आला.

"दुसरी माझी," तो म्हणाला. "तिनं डुक्कर धरलं होतं. वाटलं, वीटुस यायच्या आत संपवतो, नाहीतर फाडेल तिला. मचाण सोडलं. खटका मागे ओढला होता मी. मला वाटलं, बंद झाली. पाल्यावरून पाय सरकला. झाडाचं खोड धरायला गेलो तर... सवयीनं पुन्हा भरली, खटका मागे ओढला, नि परत वर चढून बसलो. मी मारली. डुकरानं नाही. डॉक्टरनं नाही. मी."

मला हवं होतं ते हेच. रांगेसमोर, टोपी काढून, स्वतःच्या तोंडानं. मिळालं. आणि छातीत काहीही हलकं झालं नाही, उलट असा डोंब उसळला की मी त्याच्या स्वेटरचा गळा धरला.

"हनुवटी! हनुवटी हलवलीस तू! त्याच्याकडे! मला खोटं पाडलंस, मी एका भल्या माणसाच्या अंगावर गेलो!"

"हो."

"आणि तिला जाकिटात घालून बटणं लावलीस! कुठल्या तोंडानं?"

"ह्याच."

"सकाळी का नाही विचारलंस? सरळ का नाही विचारलंस, मागे कसा घ्यायचा?"

हीअसनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, पण आवाज सपाट.

"विचारलं होतं रे."

मी त्याचा गळा सोडला.

डॉक्टरची माफी मागितली, तिथंच. त्यानं हात मिळवला. म्हणाला, "मीही शिंग वाजलं म्हणून थांबायला नको होतं." तो पुन्हा आमच्या गावात आला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. मालकाच्या कागदावर अजून सुळाच आहे. पण हीअस सोमवारी स्वतः जिल्ह्याच्या कचेरीत गेला, परवाना टेबलावर ठेवला, काय झालं ते सांगून आला. कचेरीची माणसं आली, दाखले मागितले, मालकाचा मक्ता दोन वर्षांसाठी लटकला. त्यामुळे गावात अर्धी माणसं हीअसशी बोलत नाहीत. कुत्री मारली म्हणून नाही हं. सांगितलं म्हणून. असली जात आहे आमची.

डिस्टलला मी माझ्या परसात पुरायचं ठरवलं. मंगळवारी सकाळी खिडकीतून बघतो तर हीअस कुदळ घेऊन खणतोय. जमीन दगड झालेली. खांदा वर जात नाही, म्हणून तो कुदळ कमरेएवढीच उचलायचा आणि आपटायचा. तासभरात वीतभरही खड्डा नाही. मी खिडकीतून बघत राहिलो, कॉफी गार होईपर्यंत. मनात म्हटलं, खण. रात्र होईपर्यंत खण.

मग दुसरी कुदळ घेऊन गेलो. माफबिफ केलं नव्हतं. अजून नाही केलं. पण त्या वेगानं ती नाताळापर्यंत उघड्यावर राहिली असती.

खड्डा झाला, तिला ठेवलं, त्याच जाकिटात. त्यानं फरची डहाळी पुढं केली, तिच्या तोंडात द्यायला. मी त्याच्या हातातून घेतली आणि मी दिली.

माती ओढून झाल्यावर कुदळीवर टेकून उभा राहिला. म्हणाला, "वीटुस, पुढं कधी हाका झालाच, तर हाकाऱ्यांत येऊ का? नुसती काठी घेऊन."

मी बुटाची माती झटकली.

"काठीलाही टोक असतं," म्हटलं. "खाली धर म्हणजे झालं."